परवाना नसलेलं पिस्तूल



माझं आडनाव शिकलगार. कवितेच्या कार्यक्रमात ओळख करून देणारे या आडनावापाशी हमखास अडखळतात आणि नंतर चहाच्या वेळी हळूच विचारतात, "शिकलगार म्हणजे नेमकं काय हो?" सैकल म्हणजे जिल्हई, चकाकी. हत्याराचा गंज काढून त्याला धार आणि जिल्हई देणारा तो सैकलगर. मराठीच्या तोंडी तो शिकलगार झाला. शिखांमध्येही सिकलीगर आहेत. धर्म वेगळा, धंदा आणि शब्द एकच. म्हणजे माझ्या आडनावातच हत्यार आहे. आणि हयातभर मी हातात लेखणीखेरीज काही धरलेलं नाही.

आज मी तुम्हाला एका पिस्तुलाची गोष्ट सांगणार आहे. ते पिस्तूल फक्त अकरा दिवस या जगात होतं. पण ती गोष्ट नीट कळायची तर आधी दीड-दोनशे वर्षांचा इतिहास पाहावा लागेल. तेव्हा थोडा धीर धरा.

आमचं घर मिरजेच्या बाजूचं. आजोबांना आम्ही दादा म्हणत असू. त्यांचं दुकान म्हणजे एक ओटा, त्यावर पायानं फिरवायचा दगडी चाक आणि मागे भिंतीला टेकवलेली गिऱ्हाइकांची अवजारं. वर्षभर विळे, कोयते, अडकित्ते, कात्र्या. पण नवरात्र आलं की दुकानाचा रंग बदलायचा. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा असते. त्या आधी चार दिवस वाड्यावाड्यांतून तलवारी, कट्यारी, एखादं जुनं दांडपट्ट्याचं पातं असं सगळं दादांकडे यायचं. पाटलांची तलवार, देशमुखांची तलवार, गुरवाची तलवार. दादा त्या चकचकीत करून द्यायचे आणि दसऱ्याला त्याच घरांतून आमच्याकडे सोनं वाटायला पोरं यायची.

एका वर्षी एका बड्या शेतकऱ्याचा गडी दुनळी बंदूक घेऊन आला. "दादा, हिलाबी जरा पुसून द्या, पूजेला ठेवायचीय." दादांनी हात मागे घेतले. म्हणाले, "तलवार आण, कुऱ्हाड आण. बंदूक नको. ज्याच्या नावाची आहे त्यालाच तिला हात लावू दे." मला नवल वाटलं. लोखंड ते लोखंड. तलवार चालते आणि बंदूक का चालत नाही? दादा चौथीपर्यंत शिकलेले, पण त्यांना कायदा ठाऊक होता. आपल्याकडे बंदूक बाळगायलाच नव्हे, तर ती बनवायला, विकायला, अगदी दुरुस्त करायलासुद्धा परवाना लागतो. घरातली आणि शेतातली अवजारं मात्र कायद्यानं बाजूला ठेवली आहेत. म्हणून दादांचं चाक विळ्यावर बिनघोर फिरत होतं.

हा कायदा आला कुठून?

एके काळी या मुलखात हत्यार ही घरातली गोष्ट होती. शेतकरी पेरणी झाली की भाला-बंदूक घेऊन मोहिमेवर जायचा आणि सुगीला परत यायचा. तोड्याची बंदूक म्हणजे पेटत्या वातीनं बार उडवायची बंदूक. ती गावच्या लोहाराला कळत होती, दुरुस्त करता येत होती. मराठ्यांच्या फौजेत तोफखान्यावर आणि बंदुकांवर सगळ्या जातिधर्मांची माणसं होती. पानिपतावर १७६१ साली भाऊसाहेबांच्या बाजूनं शेवटपर्यंत लढलेला इब्राहिमखान गारदी आपल्याला ठाऊकच आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली. फौजा मोडल्या. हत्यारांचं गिऱ्हाईक गेलं आणि ती घडवणारे, पाजळणारे हात रिकामे झाले. आमच्या मिरजेत याच काळात एक सुंदर गोष्ट घडली. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान, गाण्याची आवड असलेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब नावाचे एक शिकलगार हत्यारांकडून तंबोरा आणि सतारीकडे वळले. पंढरपूरकडचा भोपळा आणून त्यातून सूर काढू लागले. त्यांच्या मागून आलेल्या पिढ्या सतारमेकर म्हणूनच ओळखल्या जाऊ लागल्या. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यामागे या गावच्या हवेत तरंगणारा हा सूरही असावा असं मला वाटतं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी वर्तमानपत्रातली ती बातमी कापून ठेवली. त्यात कुठंही तलवारीचा उल्लेख नव्हता. पण मला ती दिसत होती.

मग आलं १८५७. काडतुसावरून पेटलेला तो वणवा विझल्यावर इंग्रजांनी पहिली गोष्ट केली ती हत्यारं गोळा करण्याची. अवधात गावोगाव फिरून बंदुका, तलवारी, भाले जमा केले, जमीनदारांच्या गढ्या पाडल्या. आणि पुढं १८७८ साली, लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असताना, हत्यारांचा कायदा झाला. परवान्याशिवाय बंदूक नाही. पण गोऱ्या माणसाला परवान्याची गरज नाही! नियमांतच तशी सूट होती.

कवी म्हणून मला या १८७८ सालाचं विशेष वाटतं. कारण याच वर्षी, याच लिटनसाहेबांनी आणखी एक कायदा केला: देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचा. मराठीत, बंगालीत, उर्दूत छापलं तर सरकारचा अंकुश. इंग्रजीत छापलं तर मोकळीक. 'अमृत बझार पत्रिके'नं रातोरात इंग्रजीचा झगा चढवला, ती हकिगत प्रसिद्धच आहे. म्हणजे बघा, एका वर्षात आपली बंदूकही परवान्याखाली आली आणि आपली भाषाही. आणि दोन्ही ठिकाणी साहेबाला सूट! वृत्तपत्रांचा कायदा पुढं लॉर्ड रिपननं काही वर्षांतच मागं घेतला. हत्यारांचा कायदा मात्र इंग्रज गेल्यावरही पंधरा वर्षं टिकला. साहेबाला लेखणीपेक्षा बंदुकीचं भय जास्त वाटत असावं. त्यात त्याची थोडी चूकच झाली.

एक अपवाद मात्र सांगायला हवा. कर्नाटकातल्या कोडगू भागातल्या लोकांना इंग्रजांच्या काळापासून परवान्यातून सूट आहे. त्यांच्याकडंही शस्त्रपूजेचा सण असतो. ही सूट स्वतंत्र भारतानंही चालू ठेवली. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं ती २०२९ पर्यंत वाढवली आणि कर्नाटक उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये ती वैध ठरवली.

कायदा झाला म्हणून हत्यार गेलं असं नाही. ते चोरवाटेनं येऊ लागलं. १८७८ चा कायदा होऊन वर्षही झालं नव्हतं तोच वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना घेऊन बंड उभारलं. आणि १९०९ साली नाशिकला काय घडलं ते तर शाळेच्या पुस्तकापासून आपण वाचत आलो. सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं एका पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात धाडली. त्यांतल्या पिस्तुलानं अनंत कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. नाटक होतं 'शारदा'. या खुनामागं जो राग होता त्याचं एक कारण असं, की बाबाराव सावरकरांना त्याच वर्षी जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती आणि त्यांचा खटला जॅक्सनसाहेबानंच वर पाठवला होता. गुन्हा काय? कविता छापल्या. १८७८ साली एका वेळी दोरीत बांधलेल्या त्या दोन वस्तू, शब्द आणि शस्त्र, एकतीस वर्षांनी नाशिकच्या एका नाट्यगृहात पुन्हा एकत्र आल्या. एप्रिल १९१० मध्ये कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. कान्हेऱ्यांचं वय अठरा वर्षं.

सशस्त्र मार्गाच्या लोकांनाच हा कायदा खुपत होता असं समजू नका. ज्यांनी आयुष्यभर अहिंसा सांगितली त्या गांधीजींनीही पहिल्या महायुद्धाच्या वेळी काढलेल्या पत्रकात, इंग्रजी राजवटीच्या सर्व अपकृत्यांत हा कायदा सर्वांत काळा ठरेल, अशा आशयाचं लिहिलं होतं. माणसानं हत्यार स्वतःहून खाली ठेवणं निराळं आणि ते हिसकावून घेतलं जाणं निराळं, हा त्यातला मुद्दा. १९३१ च्या कराची काँग्रेसनं मूलभूत हक्कांचा ठराव केला, त्यातही नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मांडलेला होता.

मग स्वातंत्र्य आल्यावर तो घटनेत का आला नाही? डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरी विष्णू कामतांनी तशी दुरुस्ती सुचवली होती. कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की कोणीही उठून बाजारात जावं आणि हवं ते हत्यार विकत घ्यावं, असा हक्क दिला तर राज्यकारभार चालवायचा कसा? कामतांची दुरुस्ती फेटाळली गेली. मी दोन्ही बाजू अनेकदा वाचल्या. कामत इंग्रजांच्या आठवणीतून बोलत होते. बाबासाहेब गावाच्या आठवणीतून बोलत असावेत, असं मला वाटतं. गावात हत्यारं वाटायची म्हटली तर ती कोणाच्या हाती आधी जातील आणि कोणाच्या दारात उभी राहतील, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

तर हक्क नाही, परवाना. १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. गोरा-काळा भेद गेला. अर्ज करायचा, पोलीस चौकशी करणार, जिवाला धोका आहे का, माणूस कसा आहे हे पाहणार आणि मग परवाना मिळणार किंवा नाकारला जाणार. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना वेगळा. कोकणात, गोव्यात रानडुकरांनी हैराण झालेल्या शेतकऱ्यांना तो चांगला माहीत आहे. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं जमा करून घेतली जातात. कोणाची घ्यायची हे आता छाननी समिती ठरवते. १९८३ पासून एका माणसाला जास्तीत जास्त तीन बंदुका ठेवता येत. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनं त्या दोन झाल्या, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली आणि लग्नावरातीत हवेत बार काढणं हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरला. आणि परवान्याशिवाय बंदूक बनवणं? त्याला सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. छंद म्हणून बनवली, विकायला नव्हे, असं म्हणून सुटका नाही.

ज्याला निशाणाचाच छंद आहे त्याला वाट मोकळी आहे. आमच्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याकडं बघा. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलात सुवर्ण घेतलं आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ऑलिंपिकचं कांस्य आणलं. हत्यार तेच. पण त्याच्यामागं क्लब आहे, नोंद आहे, गुरू आहे.

सगळ्या जगात असं नाही. अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून शस्त्राचा हक्क आहे. तिथल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यानुसार बंदुका बनवून विकणाऱ्याला परवाना लागतो; पण जो स्वतःपुरती, स्वतःच्या हातानं बनवतो त्याला लागत नाही. आपल्याकडं कोणी गॅरेजात मोटारसायकल जोडतो तसं तिथं लोक सुट्टीच्या दिवशी पिस्तूल जोडतात. पुढं अर्धवट तयार भागांचे संच विकले जाऊ लागले. २०१३ मध्ये टेक्सासमधल्या एका तरुणानं थ्री-डी प्रिंटरवर प्लॅस्टिकचं पिस्तूल काढून दाखवलं. क्रमांक नसलेली ही हत्यारं गुन्ह्यांत सापडू लागली, तसं २०२२ मध्ये सरकारनं संचांनाही क्रमांक आणि खरेदीदाराची तपासणी सक्तीची केली. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो नियम कायम ठेवला. काही राज्यांनी त्याआधीच कडक कायदे केले होते.

आणि जपान. तिथं १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर बंदूक आली आणि तिची नक्कल पहिल्यांदा कोणी केली? तलवारी घडवणाऱ्या एका कारागिरानं. १५८८ मध्ये हिदेयोशीनं शेतकऱ्यांच्या तलवारी गोळा केल्या. आजही बंदुकीच्या बाबतीत इतका कडक देश क्वचितच असेल. आणि त्याच देशात ८ जुलै २०२२ रोजी माजी पंतप्रधान शिंझो आबे यांचा खून झाला तो घरी बनवलेल्या बंदुकीनं. ती बातमी ऐकली तेव्हा मी आमच्या ओट्यावरच्या त्या अकरा दिवसांकडं परत गेलो.

१९८१ साल असावं. मी पाचवीत होतो. माझे धाकटे चाचा एका वर्कशॉपमध्ये टर्नर होते. हातात जादू. बिघडलेलं घड्याळ, शिलाईचं यंत्र, पंप, काहीही दुरुस्त करायचे. त्यांनी एका जुन्या इंग्रजी मासिकात पिस्तुलाचं चित्र पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात शिरलं की हे आपल्याला जमतं का ते बघायचं. कोणाला मारायचं नव्हतं. काडतूस तर त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. कित्येक महिने सुट्टीच्या दिवशी ते कानस घेऊन बसत. एका रात्री त्यांनी मला माळ्यावर नेलं, कापड उलगडलं आणि ते माझ्या हातात ठेवलं. थंड, जड, शिसवी मुठीचं. खटका ओढला की टक् असा आवाज यायचा. मी इतकी देखणी वस्तू तोवर पाहिली नव्हती. चाचा माझ्या तोंडाकडं बघत होते. त्यांना शाबासकी हवी होती आणि ती द्यायला अख्ख्या घरात एक मीच होतो.

अकराव्या दिवशी मी शाळेत मित्राला सांगितलं. "आमच्या चाचांनी खरं पिस्तूल केलंय." संध्याकाळपर्यंत ते दादांच्या ओट्यावर पोचलं.

दादा ओरडले नाहीत. चाचांना एवढंच म्हणाले, "ये चीज घर में नको." मग हळू आवाजात बोलत राहिले. बोलणं मला अर्धवट कळलं. पाटलाच्या पोरानं केलं तर त्याला छंद म्हणतील. आपण शिकलगार, त्यातून मुसलमान. आपल्या छंदाला दुसरं नाव पडेल. सगळ्या गावाच्या तलवारी या ओट्यावर विश्वासानं येतात, तो विश्वास म्हणजेच आपला परवाना; तो एकदा गेला तर कुठल्या कचेरीत परत मिळत नाही. असं काहीसं ते बोलत होते. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. चाचांनी ते पिस्तूल वर्कशॉपमध्ये नेलं आणि ज्या लेथवर घडवलं होतं त्याच लेथवर त्याचा कीस केला. दादा शेजारी उभे राहून बघत होते. केर भरून टाकेपर्यंत हलले नाहीत.

चाचा चार महिने दादांशी बोलले नाहीत. पुढं ते मिरजेच्या सतारवाल्यांच्या गल्लीत जायला लागले. सतारीचे पितळी पडदे वाकवायचे साचे त्यांना करून द्यायचे. पैसे फारसे मिळत नसत, पण तिथं त्यांच्या हाताची तारीफ करणारी माणसं होती.

दादा गेले, ओटा बंद झाला. २००९ मध्ये मिरजेत दंगल झाली. त्या रात्री दार लावून बसलो असताना मला पहिला विचार आला तो असा, की बरं झालं, आता भिंतीला कोणाच्याही तलवारी टेकवलेल्या नाहीत. आणि त्या विचाराची लाजही वाटली. ज्या ओट्यावर गाव आपली हत्यारं निर्धास्त ठेवत होतं तो ओटा रिकामा असल्याचं मला समाधान वाटत होतं. त्या रात्री दादा मला पहिल्यांदा नीट समजले.

चाचा अंथरुणाला खिळले होते तेव्हा मी त्यांना कबूल केलं, की शाळेत बोललो तो मीच. ते हसले. म्हणाले, "बरं केलंस." मग बराच वेळ छताकडं बघत राहिले. आपल्या दोन्ही हातांची बोटं त्यांनी हळूच उघडली-मिटली आणि म्हणाले, "पण जमलं होतं रे."

कायद्याच्या बाजूनं मी दादांबरोबर आहे. आजही, उद्याही. घराघरांत घडलेली पिस्तुलं मला नकोत. पण चाचांचं ते वाक्यही मला सोडत नाही. एखाद्याच्या हातात एवढं कसब असतं आणि आपण त्याला दाखवायला जागा देत नाही, तेव्हा ते कुठं तरी वाट काढतंच. फरीदसाहेबांना मिरजेत तंबोरा सापडला. माझ्या चाचांना थोडा उशिरा, थोडासाच सापडला. पुष्कळांना तो सापडतच नाही.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)